भट्टीची उरलेली आच

वैनगंगेला पूर आला की कारध्याचं नाव राज्यभर ऐकू येतं. भंडारा शहरासमोर, नदीच्या पूर्वेकडचं हे पुलाजवळचं गाव. नदी ओलांडून शहराच्या पलीकडे गेलं की वरठी लागतं. तिथे पाणी नव्हे, उष्णता अडवायची असते.

वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात स्पंज आयर्न बनतं. धंदा पोलादाचा असला, तरी भट्टीत घडतं ते रसायनशास्त्रच. किंचित उतरती, संथ फिरणारी लांबलचक नळी. आत लोहखनिज आणि दगडी कोळसा. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. कोळशातून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. लोखंड वितळत नाही, जाळीदार होऊन मागे उरतं. बाहेर पडणारे वायू मात्र तेव्हाही धगधगत असतात. ते थेट धुराड्यात सोडता येत नाहीत. एकतर पाणी फवारून त्यांना थंड करायचं, नाहीतर बॉयलरवरून फिरवून त्यांच्याकडून वाफ करून घ्यायची. या वाफेवर टर्बाइन चालतं. रोज 100 टन स्पंज आयर्न काढणाऱ्या भट्टीमागे साधारण 2 मेगावॅट वीज मिळते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यासाठी कोळशाचा एक खडाही जास्तीचा जाळावा लागत नाही.

दुसरा उरलेला माल काळा असतो. भट्टीतून आलेला ढीग चुंबकाखालून नेला की लोखंड चिकटतं आणि डोलोचार खाली राहतो. हा म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, राख आणि गंधक पकडायला टाकलेला डोलोमाइट. निम्म्याहून जास्त राखच, त्यामुळे साधा बॉयलर त्याला दारात उभं करत नाही. खालून हवा फुंकून तापलेली वाळू उकळत्या पाण्यासारखी खदखदत ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये मात्र, थोडा चांगला कोळसा मिसळला, की तोही जळतो. नाहीतर कारखान्याच्या मागे ढिगारे साचतात आणि वाऱ्याबरोबर काळी धूळ शेतात उतरते.

पोलादाच्या या उरलेल्या मालापेक्षा औषधं आणि रंगांच्या कारखान्यांतला कचरा अधिक अवघड. सॉल्व्हंटचा, म्हणजे द्रावकाचा, गाळ जळतो चांगला, पण उघड्यावर जाळला तर विष. 2016 च्या घातक कचरा नियमांनी असा माल सिमेंटच्या भट्ट्यांत वापरायची वाट मोकळी केली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात अशा भट्ट्या आहेतच. तिथल्या ज्वाळेचं तापमान 2000 अंशांच्या घरात असतं. राखही क्लिंकरमध्ये, म्हणजे भट्टीत तयार होणाऱ्या सिमेंटच्या खड्यांत, मुरते. क्लोरीनवाला कचरा मात्र मोजूनमापूनच घ्यावा लागतो, तो भट्टीची नळी तुंबवतो.

या सगळ्याला सरसकट ‘हरित ऊर्जा’ म्हणणं ही शुद्ध जाहिरातबाजी. सॉल्व्हंट मुळात बहुतेक वेळा खनिज तेलातूनच आलेला. जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जाणारच. तो आधी ऊर्ध्वपातनाने गाळून पुन्हा वापरावा, जाळावा तो शेवटचा गाळ. उरलेल्या आचेवर चालणाऱ्या बॉयलरला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. चांगला सॉल्व्हंट भट्टीत ओतून पाठ थोपटून घेणारे काठावरही पास होत नाहीत.