रोगाचा नंबर आणि विम्याचा दावा
सभासद बंधूंनो, को ८६०३२ म्हटले की कोणत्याही गटात उसाची तीच जात समजते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांनाही असेच नंबर दिले आहेत. त्यांच्या दहाव्या आवृत्तीत मज्जासंस्थेचे रोग 'जी' अक्षरात येतात; फेफरे जी ४०, कंपवात जी २०. पण मेंदूची रक्तवाहिनी तुंबून झालेला पक्षाघात रक्ताभिसरणाच्या रोगांत, आय ६३ मध्ये पडतो. आपण बोलताना फेफरे काय न् पक्षाघात काय, दोन्हीला 'झटका'च म्हणतो!

विम्याच्या फॉर्मचा दवाखान्याने भरायचा भाग असतो, त्यात हा नंबर लागतो. नोंद आणि वजनपावती जुळली नाही की उसाचे बिल अडते. तसेच डिस्चार्ज कार्ड, फॉर्म व बिल यांत रोग वेगवेगळा दिसला की दावा अडू शकतो. तेव्हा दवाखाना सोडण्यापूर्वी डॉक्टरसाहेबांकडून रोगाचे पूर्ण नाव स्पष्ट लिहून घ्यावे, ही विनंती.