इंदिरानगरचा कातळ आणि भूविज्ञानाचे विद्यार्थी

बंगळुरूच्या इंदिरानगर भागात शंभर फुटी रस्त्यावर दुकानांच्या पाट्या दिसतात, खडक मात्र दिसत नाही. ही वसाहत ज्या पट्टिताश्माच्या प्रदेशात वसली आहे, त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. त्याचा उघडा भाग पाहण्यास मेट्रोचे एक तिकीट पुरते. इंदिरानगर स्थानकातून जांभळ्या मार्गिकेने मॅजेस्टिक, आणि तेथून हिरव्या मार्गिकेने लालबाग. केंपेगौडांच्या बुरुजाखालचा लालबागेतील हा कातळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केला आहे.

पुणे, नागपूर वा सोलापूरहून पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी येथे येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा खडक परका असतो. तो वाढलेला असतो काळ्या बेसाल्टवर, आणि त्या बेसाल्टचे वय जेमतेम साडेसहा कोटी वर्षे. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येतात. येथे मात्र दाबाने व उष्णतेने पिळून निघालेल्या पट्ट्यांचा क्रम लावावा लागतो. पाण्याचेही तसेच आहे. बेसाल्टमध्ये ते सच्छिद्र थरांत व भेगांत साठते, तर पट्टिताश्मात वरच्या झिजलेल्या भागात आणि खालच्या फटींत. एकाच शहरात एक कूपनलिका कोरडी जाते आणि शेजारची लागते, त्याचे कारण या फटींत आहे.

असा खडक एकट्याने वाचता येत नाही, आणि नेमकी तेथेच संस्थांची गरज भासते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक संस्थेचे मुख्यालय बंगळुरूच्या गविपुरम भागात आहे. दा. ना. वाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होते, तर १९५९ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाची धुरा बी. पी. राधाकृष्ण यांनी दीर्घकाळ वाहिली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. परदेशी ग्रंथांच्या किमती विद्यार्थ्यांना परवडत नसताना संस्थेने देशातील खडकांवरचे ग्रंथ देशातच काढले, ही तिची सर्वांत मोठी कामगिरी म्हणावी लागेल. दख्खनच्या बेसाल्टवरील स्मृतिग्रंथ १९८८ मध्ये, तर लातूर भूकंपावरील १९९४ मध्ये, म्हणजे किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या आपत्तीनंतर लगेचच प्रसिद्ध झाला. जी. जी. देशपांडे यांचा महाराष्ट्राच्या भूविज्ञानावरील ग्रंथही याच संस्थेने १९९८ मध्ये प्रकाशित केला. मराठी विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्याच्या खडकांची माहिती बंगळुरूहून मागवावी लागावी, हा योगायोग गमतीचाच.

शहरातील भारतीय विज्ञान अकादमी पृथ्वीविज्ञानाचे स्वतंत्र नियतकालिक चालवते; त्यातील लेख विनामूल्य वाचता येतात. उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीमुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळते. भारतीय विज्ञान संस्थेत पृथ्वीविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. सर्वेक्षण विभागाच्या भूकोश संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे उपलब्ध आहेत, तर इस्रोच्या भुवनवर उपग्रहचित्रे.

साधने आहेत, अडचण आहे ती पैशाची. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. ती नसलेल्याची स्थिती फार वेगळी असते. इंदिरानगरसारख्या भागात खोली घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर शहराच्या कडेला राहून रोज दोन-दोन तास प्रवास करावा लागतो. शिवाय भूविज्ञानात क्षेत्रकार्याचा खर्च वेगळा. गाडी, नमुन्यांची वाहतूक, खाणीत शिरण्याची परवानगी आणि कन्नड बोलणारा सोबती, यांपैकी एक जरी नसेल तर आठवडा वाया जातो. विद्यार्थिनींसाठी तर एकटीने रानात जाणे अनेकदा शक्यच नसते. म्हणून दोघा-तिघांनी मिळून गाडी करणे, एकाच्या नमुन्यांबरोबर दुसऱ्याचे नमुने कापून घेणे आणि आधीच्या तुकडीने काढलेले नकाशे जपून पुढे देणे, हाच या अभ्यासातील खरा समाज होय.

मॅजेस्टिकजवळच्या गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. सणावाराला घरची आठवण आली की मराठी मुलांची पावले तिकडे वळतात. गविपुरमला ग्रंथ घेण्यास गेलेल्यांनी मात्र गवि गंगाधरेश्वराचे देऊळ चुकवू नये. ते खडकातील गुहेतच आहे.