कान वाहतोय? तेल नको, तपासणी हवी

“लहानपणी कान वाहतोच, मोठं झालं की थांबतो,” असं म्हणून कितीतरी घरांत मुलाच्या कानात कोमट तेल सोडतात. पुढे शाळेतून तक्रार येते की पोरगं लक्ष देत नाही. खरं तर त्याला कमी ऐकू येत असतं.

नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, पडद्यामागे पाणी साचून पू होतो. ताप येतो, कान ठणकतो, बाळ रात्रभर रडतं. पडदा फाटून पू बाहेर आला की ठणका थांबतो. पण दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही.

उपचार काय?
ठणक्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देतात. साधा आजार दोन-तीन दिवसांत उतरू शकतो. दोन वर्षांखालील बाळाला किंवा कान वाहत असल्यास डॉक्टर बहुधा अँटिबायोटिक देतात. ते सांगितलेले सर्व दिवस द्या. फाटलेला पडदा बहुतेकदा आपोआप भरतो. कान दोन आठवड्यांहून जास्त वाहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. तिथे कान साफ करून थेंब देतात. पडद्याचं भोक राहिलंच तर शस्त्रक्रियेने बुजवता येतं.

घरी काय करावं?
स्वच्छ सुती कापडाची वात करून कानाच्या तोंडाशी धरा, ओली झाली की बदला. कान कोरडा होईपर्यंत असं दिवसातून तीन-चार वेळा करा. अंघोळीत कानात पाणी जाऊ देऊ नका. तेल, लसणाचा रस, काडी, हेअरपिन नको. मेडिकलमधून मनाने थेंबही आणू नका.

थांबू नका
कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, चक्कर, उलट्यांसह जोराची डोकेदुखी, मान ताठणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

टाळता येतं
बाळाला अंगावर पाजा. बाटली असेल तर आडवं झोपवून देऊ नका. घरात बिडी-सिगारेट नको. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मिळणारी न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत आहे.

अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि कानाची तक्रार स्वतःहून सांगा. वर्गात शिकवलेलं ऐकूच आलं नाही, तर हुशार मूलही मागे पडतं.