काळ्या दगडाची चकाकी आणि पांढरी धूळ

गेल्या नाताळात अमेरिकेत स्थायिक झालेले एक मालवणी कुटुंब गावी आले, तेव्हा त्यांनी आपल्या वाडीतील मुलांसाठी एक वेगळीच भेट आणली. दीड-दोन किलो काळे दगड आणि ते गुळगुळीत करण्याचे एक छोटे विजेचे यंत्र. "मालवणात एवढे पर्यटक येतात, मुलांनी किचेन केले तर चार पैसे मिळतील," असे त्यांनी सुचवले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून ते काम कार्यकर्त्यांनी माझ्याकडे दिले. त्याचे छायाचित्र पाहून तीन हितचिंतकांनी दगड कापण्या-घासण्याचे मोठे यंत्र घेऊन देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे आभार मानून मी नको म्हटले. असे का, हे सर्वांनाच कळावे म्हणून हा लेख.

तो काळा दगड म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच बनलेला, मग हा दगड इथे का सापडत नाही, असे एका मुलाने पहिल्याच दिवशी विचारले. प्रश्न बरोबर होता. ऑब्सिडियन होतो तो सिलिका भरपूर असलेल्या, काकवीसारख्या घट्ट लाव्हापासून. तो लवकर थंड झाला की स्फटिक बनायला सवड मिळत नाही आणि काच तयार होते. आपल्याकडचा लाव्हा पातळ होता, त्यात सिलिका कमी. तो दूरवर पसरला आणि त्याचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट झाला. त्या कातळातल्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर सिलिका साचत गेली आणि गारगोटी, अकीक असे दगड तयार झाले. घाटाखालच्या वहाळांत पांढऱ्या गारगोट्या मिळतात त्यांतल्या काही अशा. अहरोनाच्या ऊरपटावरील बारा रत्नांत अकीक मोजतात, तो याच जातीचा.

यंत्र अगदी साधे आहे. रबराचे अस्तर लावलेले एक पिंप दोन दांड्यांवर आडवे ठेवायचे आणि मोटरने हळूहळू फिरवायचे. पिंप दगडांनी दोन-तृतीयांश भरायचे, त्यात कार्बोरंडमची भरड पूड घालायची आणि वरचा थर जेमतेम बुडेल न बुडेल इतके पाणी ओतायचे. पिंप फिरले की दगड एका बाजूने वर चढतात आणि घसरून खाली येतात. त्या घसरण्यात ते एकमेकांवर घासतात. नदी हेच काम शेकडो वर्षांत करते. पिंप गच्च भरले तर दगड हलतच नाहीत, आणि अर्ध्याहून कमी भरले तर आपटून फुटतात.

भरड पूड सुमारे आठवडाभर, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी पॉलिशची पूड. काचेला सेरियम ऑक्साइड चांगले लागू पडते. चष्म्याच्या काचा आणि आरसे घासणारे हेच वापरतात. म्हणजे एका घाण्याला महिना सहज जातो. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, पिंप, झाकण, सगळे इतके धुवायचे की आधीच्या पुडीचा एक कणही राहू नये. आमची पहिली खेप त्यातच वाया गेली. झाकणाच्या खाचेत भरड पूड राहिली होती. शेवटच्या दिवशी दगड बाहेर काढले तर सगळ्यांवर मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा!

दुसरी खेप माझ्या चुकीने गेली. जागा उरली म्हणून मी वहाळातल्या गारगोट्या ऑब्सिडियनबरोबरच टाकल्या. गारगोटीचा कठीणपणा 7, ऑब्सिडियनचा 5 ते साडेपाच. खिडकीच्या काचेवर गारगोटीने ओरखडा उठतो हे मी वर्गात वर्षानुवर्षे दाखवले, आणि पिंप भरताना मात्र विसरलो. काळ्या दगडांच्या कडा टवके उडून पांढुरक्या झाल्या. आता ऑब्सिडियन एकटाच फिरतो, सोबत प्लास्टिकचे दाणे घालतो म्हणजे आदळआपट होत नाही. कान देऊन ऐकले तरी कळते. खडखड आवाज येत असेल तर काहीतरी चुकले आहे, चिखल घुसळल्यासारखा आवाज हवा. पावसाळ्यात वीज रात्रभर गेली की आतला गाळ खाली बसून घट्ट होतो, ही आमची कायमची डोकेदुखी. तो गाळ मोरीत ओतायचा नाही, नळी सिमेंट भरल्यासारखी बुजते. आम्ही आवारात खड्डा केला आहे आणि गाळ ओला असतानाच त्यावर माती ओढतो.

हे सगळे मुलांना दाखवत असताना वाडीतले एक कातकरी गृहस्थ दाराशी येऊन बसले. जिल्ह्याबाहेर एका खडी क्रशरवर त्यांनी अनेक वर्षे काढली आहेत. दोनदा क्षयाचे औषध घेऊनही खोकला गेला नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, "काम काय करत होता?" आणि मग छातीचा एक्स-रे काढला. ते मला म्हणाले, "सर, ह्याच्यातसून धुरळो उडतलो काय?"

पिंप बंद असते आणि आत पाणी असते, त्यामुळे धूळ उडत नाही, असे मी सांगितले. पण त्यांच्या प्रश्नाने मला मोठ्या यंत्राचा विचार करायला लावला.

दगड कोरडा कापला, घासला किंवा भोक पाडले की सिलिकाची धूळ उडते. त्यातली जी धूळ दिसते ती नाकात-घशात अडकते. घातक असते ती न दिसणारी, तासन्‌तास हवेत तरंगणारी. ती फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जाते. शरीरातल्या पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तिथे व्रण होतो, व्रणाची गाठ होते आणि फुप्फुस ताठर होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान कोणत्याही औषधाने भरून निघत नाही, आणि अशा माणसाला क्षय होण्याचा धोकाही पुष्कळ वाढतो. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

गुजरातेत खंभात येथे अकीकाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. कच्चा दगड भरुच जिल्ह्यातील रतनपूरकडच्या खाणींतून येतो. तिथे भिल्ल कष्टकरी तो खणून काढत आले आहेत. जुन्या काळी खंभातचे कारागीर मणी चकाकवण्यासाठी ते सुमारे दोन फूट लांबीच्या चामडी पिशवीत भरत. त्यात कुरुंदाची पूड आणि भोके पाडताना पडलेली अकीकाची बारीक पूड घालत. मग खोलीच्या दोन टोकांना दोन माणसे बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहत, दहा ते पंधरा दिवस, मधूनमधून पाणी घालत. आमचे पिंप म्हणजे तीच पिशवी, फक्त मोटर लावलेली. पण त्याच खंभातमध्ये विजेच्या चाकावर, घराच्या ओसरीत दगड घासणाऱ्यांना सिलिकोसिसने गाठले. घरात चालणाऱ्या कामाला कारखान्याचा कायदा पोहोचत नाही, आणि ओसरीत बायकामुलेही असतात.

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर भागातील आदिवासी गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जात. त्यांतल्या मृत 238 कामगारांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. तीही माणसे चार पैशांसाठीच गेली होती.

म्हणून आमचा नियम असा ठरला आहे. जे काम पाण्यात, बंद पिंपात होते तेवढेच करायचे. दगड आहे त्या आकारात घ्यायचा. मोठा असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून मीच फोडतो, कारण ऑब्सिडियनची कपची वस्तऱ्यापेक्षाही धारदार असते. भोक पाडायचे नाही. किचेनसाठी तांब्याची तार गुंडाळतो. ती मुलींना माझ्यापेक्षा सुबक जमते. यामुळे माल कमी होतो हे खरे आहे. महिन्याला एक पिंप, त्यातून चाळीस-पन्नास दगड निघतात आणि सगळे काही विकण्याजोगे नसतात. ज्यांना यातून वाडीचे पोट भरेल असे वाटते, त्यांना मला स्पष्टच सांगावे लागते की भरणार नाही. शाळेच्या वह्यांचा खर्च निघतो.

ज्या हितचिंतकांनी मोठ्या यंत्रासाठी पैसे देऊ केले, त्यांना माझी विनंती आहे की तेवढ्यात दुसरे पिंप आणि वीज गेल्यावर चालणारा एक इन्व्हर्टर येईल. उरलेल्या रकमेतून क्रशरवर आणि खाणीवर काम करून परतलेल्या वाडीतील माणसांचे छातीचे एक्स-रे काढता येतील. अशी नऊ माणसे आम्हाला आतापर्यंत माहीत झाली आहेत. दोघांना घेऊन मी पुढच्या मंगळवारी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाणार आहे. ऑब्सिडियनची चौथी खेप पिंपात आहे, आज तिचा अकरावा दिवस.