शाळा अशी का चालते?

बी.एड. केले की शिक्षक होता येते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ‘शिक्षणशास्त्रात एम.ए.’ म्हटले की घरचे विचारतात, मग शिकवणार कुठे? प्रश्न रास्त आहे, पण या अभ्यासाचा रोख वेगळा. वर्गात कसे शिकवावे यापेक्षा शाळा अशी का चालते, हे इथे तपासले जाते.

त्याला एक विद्याशाखा पुरत नाही. मुलगी सहावीत शाळा सोडते तेव्हा अर्थशास्त्र घरची मिळकत पाहते, समाजशास्त्र जात आणि लग्नाचे वय, मानसशास्त्र तिला वाचता येते का ते. शाळा पाच किलोमीटर लांब असेल तर भूगोलही आलाच.

देशोदेशींच्या शाळांची तुलना जुनीच. पॅरिसच्या मार्क-आंत्वान ज्युलियाँने १८१७ मध्ये त्यासाठी प्रश्नावली मांडली. इंग्लंडच्या मायकेल सॅडलरने १९०० मध्ये बजावले, की परक्यांची पद्धत सुटी करून उचलता येत नाही. हाच सॅडलर पुढे कलकत्ता विद्यापीठ आयोगाचा अध्यक्ष झाला.

त्याचा इशारा फारसा कुणी ऐकला नाही. २००० च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडची पंधरा वर्षांची मुले वाचनात अव्वल ठरली आणि पाहुण्यांची तिकडे रीघ लागली. तिथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते, हे सगळ्यांनी टिपले. वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, हे महागडे कलम मात्र बऱ्याचदा वहीतच राहिले.

असा अभ्यास आपल्याकडेही नवा नाही. महाराष्ट्रात शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्येच मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली. पुढे ती पुण्यात आली. नाईक शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिवही होते.