पऱ्हे वाळले तर?

फळाची आशा धरू नये, हा उपदेश आपल्याकडे उदंड होतो; विशेषतः ज्याचे काही बिघडलेले नसते त्याच्याकडून! म्हणून तो कोणी कोणाला केला, हे मी आधी पाहतो. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बोलणारा कैदी, लिहिणारा कैदी, ऐकणारेही बहुतेक कैदीच. फळ सोडा म्हणजे काम सैल सोडा, असे विनोबा म्हणत नाहीत. फळामागे धावणारे मन कामात आले, की कामच अधिक चोख होते, असे त्यांचे सांगणे.

यंदा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत आमचे चिरंजीव दुसऱ्यांदा मागे राहिले. जेवणापुरते खोलीबाहेर येत. शेजारच्या वहिनी मायेने म्हणाल्या, “त्याला गीता वाचायला द्या.” दिली असती, तर तो काय म्हणाला असता, हे वाचकांनीच ताडावे!

मला स्वतःला त्या प्रवचनांचा अर्थ उलगडला तो इथे साकोलीत, घरामागच्या बांधीपाशी. आमच्याकडे जूनमध्ये धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकतात आणि पाणी साचले की चिखलणी करून रोवणी. पावसाने ओढ दिली तर पऱ्हे जागीच वाळतात. बांधीवाल्या काकांना मी विचारले, “मग काय करता?” ते म्हणाले, “पुन्हा टाकाचे जी! बसून का कराचं?” हा माणूस निर्विकार मुळीच नाही. दिवसातून दहादा आभाळ पाहतो, पावसाला शिव्याही घालतो. पण हात थांबत नाहीत.

आणि पाऊस हाती नाही म्हणून इथले कोहळी शेतकरी आभाळाकडे पाहत बसले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तलाव बांधले. मालगुजारी 1951 साली गेली, तरी त्या माजी मालगुजारी तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. पाहुणे विचारतात, “कोणाचे मामा?”

चिरंजीवांना मी गीता सांगितली नाही. तलाव दाखवायला नेले. पाळीवर बराच वेळ बसलो. परत येताना तोच म्हणाला, “बाबा, परीक्षा पुन्हा देईन, पण बी.एस्सी.चा अर्जही भरतो.” अर्ज भरला आहे. रोज पहाटे भौतिकशास्त्राची वही उघडते. काकांप्रमाणे तोही अधूनमधून शिव्या घालतो. त्या कोणाला, ते मी विचारत नाही.