मोरसला गेला तो कधी?

जुन्या मराठीत मॉरिशसला मोरस म्हणत. तिथून येणारी पांढरी साखर ती मोरस साखर. खानदेशातल्या कित्येक घरांत या साखरेची ओळख होती, पण ज्या मळ्यांत तिचा ऊस पिकत होता तिथे आपल्याच घरातले कोणी राबायला गेले असेल, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्या घरात मात्र एका वाक्याने ही आठवण टिकवली आहे. माझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ घर सोडून गेले, त्यांच्याविषयी आजी अहिराणीत एवढेच म्हणायची: 'तो छप्पनना दुकायमा मोरसले गया.' त्यांची बायको पांझरेकाठच्या आमच्या गावात मरेपर्यंत कुंकू लावून राहिली. ते परत आले नाहीत, आणि त्यांची तिथी कोणाला ठाऊक नसल्याने त्यांना पान वाढले जाते ते सर्वपित्री अमावास्येला.

या एका वाक्यात दोन दुवे आहेत, मोरस आणि छप्पन. असा शोध घेताना दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

आधी छप्पन. हा आकडा विक्रम संवताचा आहे. मराठी पंचांग शकाचे असले तरी खानदेशात गुजर आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांमुळे संवतही लोकांच्या तोंडी होता. संवत १९५६ म्हणजे इ. स. १८९९-१९००. त्या वर्षीचा दुष्काळ इतका भीषण होता की पुढे जुन्या आठवणींनाही त्याचेच नाव चिकटत गेले.

आता मोरस. कराराने बांधलेले हिंदी मजूर तिथे १८३४ पासून जाऊ लागले. छळाच्या तक्रारी वाढल्यावर सरकारने ही भरती थांबवली आणि १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू केली. महिना सुमारे पाच रुपये आणि शिधा, असा साधारण करार असे. १८५९ या एकाच वर्षात ४० हजारांहून अधिक माणसे तिथे उतरली. एकूण आकडा साडेचार लाखांच्या घरात जातो. त्यात मुंबईचा वाटा तिन्ही बंदरांत सर्वांत लहान, आणि तोही मुख्यतः शतकाच्या मध्यावरचा. छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा मुंबईहून होणारी ही भरती ओसरून बराच काळ लोटला होता. म्हणजे आजीच्या वाक्यातले स्थळ आणि काळ एकमेकांशी जुळत नाहीत. दोहोंतले एक काहीतरी सोडावे लागणार होते.

खानदेशचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतमजुरी वाढली, आणि त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत येऊन पोहोचली. हातांना गावातच काम असताना समुद्र ओलांडायची गरज कमी. त्याआधीची दोन दशके मात्र पडत्या भावांची आणि सावकारीची होती. १८५२ मध्ये जमिनीच्या नव्या पाहणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी उठले, ते याच काळात. मुंबईला जाण्याचा मार्गही तेव्हा पायीच होता: धुळ्याहून आग्रा रोडने मालेगाव, नाशिक आणि पुढे घाट उतरून. जाण्याचा काळ छप्पनच्या किती तरी आधीचा असावा, हे यावरून दिसू लागते.

पण हा तर्क झाला. पुरावा मिळाला तो नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. यात्रेला किंवा अस्थी घेऊन येणाऱ्या कुटुंबाचे गाव, भाऊ, मुले यांची नावे हे उपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या नोंदवत आले आहेत, आणि ज्यांच्या घरात कागद नाही त्यांच्यासाठी हाच सर्वांत भरवशाचा दप्तरखाना आहे. आमच्या घराण्याच्या शके १७७० च्या, म्हणजे १८४८-४९ च्या नोंदीत तीन भाऊ आहेत. शके १७८१ च्या, म्हणजे १८५९-६० च्या नोंदीत दोन. तिसऱ्याच्या मृत्यूचा उल्लेख नाही. या अकरा वर्षांत कधीतरी तो घराबाहेर पडला. आजीच्या वाक्यातले स्थळ या काळाशी जुळते.

पुढचा शोध मॉरिशसमध्ये. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ पासून या मजुरांना उतरवून घेत. आज ती जागा आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हाच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, परगणा, गाव आणि जहाज अशी माहिती सापडते. मात्र इथून शोधणाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, आडनाव शोधू नये. मजुराची नोंद बहुधा एकट्या नावाने होई, आणि तिथे स्थिरावलेल्या अनेक घराण्यांत पहिल्या पूर्वजाचे नावच पुढे आडनाव झाले. आपल्या पूर्वजाचे पाळण्यातले नाव तिथे कोणाचे आडनाव असू शकते.

दुसरी, आजचा जिल्हा शोधू नये. १९०६ पर्यंत खानदेश एकच होता आणि त्याचे ठाणे धुळे होते. जुन्या इंग्रजी कागदांत खानदेशचे पहिले अक्षर पुष्कळदा 'के' नसून 'सी' असते, आणि धुळ्याचे 'धुलिया' होते.

तिसरी, तालुकाही बदललेला असतो. १८८० च्या गॅझेटिअरमध्ये आजच्या जळगावचा भाग नशिराबाद तालुक्यात, रावेरचा सावद्यात आणि शिंदखेड्याचा विरदेलमध्ये दिसतो. आमचे गाव यांतल्या शेवटच्या भागातले.

हा शोध उलट दिशेनेही चालू आहे. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्यामुळे तिथली माणसे याच वह्यांतून आपले गाव शोधू लागली, तर आपल्या बाजूने ते गाव ओळखणारे कोणी असायला हवे.

राहिला प्रश्न छप्पनचा. त्याचे उत्तर नाशिकच्याच वहीत, शके १८२२ च्या नोंदीत मिळाले. हे साल म्हणजे १९००-०१. दुष्काळ नुकताच सरला होता. पुतण्याने चुलतीच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, अशी ती ओळ आहे. घराने जपलेले छप्पन साल मोरसला गेलेल्या माणसाचे नव्हतेच. ते गावात राहिलेल्या त्याच्या बायकोचे होते. तिच्या मृत्यूचे साल त्याच्या प्रस्थानाला जोडले गेले, कारण तिच्याविषयी सांगण्यासारखे घराकडे दुसरे काही उरले नव्हते. त्या ओळीत तिच्या नवऱ्याचे नावही आहे. उपाध्यायांनी त्याच्याआधी 'कैलासवासी' लिहिलेले नाही.